सेगा, सोनी, निंटेंडो आणि सोलापूरचा निकाल

व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या लढाईचा जागतिक हिशोब केव्हाच मांडून झाला आहे. निंटेंडोचा पहिला संच, म्हणजे जपानमधला फॅमिकॉम आणि अमेरिकेतला एनईएस, मिळून सुमारे ६ कोटी १९ लाख खपला. सेगाचा मेगा ड्राइव्ह त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशननं १० कोटी ओलांडले आणि दुसऱ्यानं १६ कोटींपर्यंत मजल मारली. या आकड्यांवर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाले, आणि पन्नाशीकडे झुकलेले पुरुष त्यावरून अजून हमरीतुमरीवर येतात. सोलापूरचा हिशोब मात्र या वहीत बसत नाही. इथं नव्वदच्या दशकात साखर पेठेपासून पूर्व भागातल्या गल्ल्यांपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरी मारिओ उड्या मारत होता; पण तो ज्या डब्यातून टीव्हीवर येई, तो डबा निंटेंडोचा नव्हता, सेगाचा नव्हता आणि सोनीचा तर नव्हताच.

त्या डब्यावर समुराई, मीडिया, लिटल मास्टर असं काहीबाही छापलेलं असे. प्लास्टिकची हलकी पेटी, वायरीचे दोन रिमोट, एक बंदूक, एक अडॅप्टर आणि पिवळी कॅसेट. नवी पेठेतला दुकानदार खोकं फोडून, दुकानातल्या टीव्हीला जोडून, चालवून दाखवायचा. बिल मागायची पद्धत नव्हती आणि गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच. ही फॅमिकॉमची नक्कल आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर कोणी हळहळलं नाही. यात एक गंमत आहे. नकलेवर चिडावं तर सोलापूरनं. दुसरीकडे विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून खपवल्या जातात ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही ती पुरती मिटलेली नाही. त्याच गावची पोरं नकली निंटेंडोवर बिनदिक्कत वाढली.

त्यांच्या हातात नक्कल का पडली, हे समजून घ्यायचं तर पेटीच्या आत डोकवावं लागतं.

सुरुवातीच्या गेम यंत्रांत खेळ यंत्रातच पक्का जोडलेला असे. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे घरगुती यंत्र आलं, त्याच वर्षी अटारीचा ‘पाँग’ आला. त्यानंतर घरोघरी आलेल्या पाँगच्या यंत्रांत पाँगच खेळता येई. कंटाळा आला की यंत्र माळ्यावर. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनेल एफ या यंत्रानं खेळ पेटीतून बाहेर काढला. जेरी लॉसन या अभियंत्याच्या पथकानं चिपवर साठवलेला खेळ काढता-घालता येणाऱ्या डबीत बसवला. पुढच्या वर्षी अटारीनं हीच तऱ्हा उचलली आणि धंदा केला. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. जकार्डच्या मागावर चादरीची नक्षी मागात नसते, भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी कमळ उतरतं. गेमची कॅसेट म्हणजे ती माळ.

साम्य इथं संपत नाही. चादरीचा नक्षीकार चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत नक्षी बांधतो. फॅमिकॉमचं चित्रही असंच बांधलेलं आहे. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा, आणि तो ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी भरायचा. तुकडे मोजकेच, म्हणून तेच पुन्हा पुन्हा वापरायचे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. हजारदा तो खेळ खेळूनही हे लक्षात न आलेली माणसं मला भेटली आहेत. १९८५ मध्ये आलेला तो आख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. सकाळी नातेवाइकांकडून मोबाइलवर येणारं सुप्रभातचं एक चित्रही त्याहून जड असतं. यंत्राकडे कामापुरती स्मृती होती २ किलोबाइट. मासायुकी उएमुरा यांनी फॅमिकॉमची रचना केली ती अशा काटकसरीनं, कारण निंटेंडोला तो स्वस्तात विकायचा होता. १८८९ मध्ये क्योटोत पत्त्यांचे जोड छापण्यापासून सुरू झालेली ही कंपनी; घरातल्या करमणुकीला माणूस किती पैसे मोजतो याचा अंदाज तिला होता.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत गेमचा बाजार कोसळत होता. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही उठावं आणि कॅसेट काढावी असं झालं होतं; दुकानं रद्दी खेळांनी भरली आणि गिऱ्हाईक उठून गेलं. ‘ई.टी.’ या चित्रपटावर घाईघाईत बनवलेल्या खेळाच्या न खपलेल्या कॅसेटी इतर मालाबरोबर न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत गाडल्या गेल्या. ही दंतकथा आहे असं बरेच दिवस मानलं जाई. २०१४ मध्ये उकरून पाहिलं तर कॅसेटी निघाल्या.

निंटेंडोनं यातून धडा घेतला आणि अमेरिकेत जाताना यंत्राला कुलूप लावलं. एनईएसमध्ये एक छोटी चिप असे आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटीत. दोघींचा संवाद जुळला नाही तर यंत्र खेळ चालूच देत नसे, सारखं सुरू होऊन बंद पडे. त्यामुळे निंटेंडोच्या परवानगीशिवाय खेळ विकणं अवघड झालं. परवानाही सहज मिळत नसे. एका कंपनीनं वर्षाला किती खेळ काढायचे यावरही निंटेंडोची मर्यादा होती.

पण हे कुलूप अमेरिकेतल्या यंत्राला होतं. दोन वर्षं आधी निघालेल्या जपानी फॅमिकॉमला ते नव्हतंच. तिकडच्या कॅसेटीला ६० पिना, अमेरिकेतल्या कॅसेटीला ७२. त्या जास्तीच्या पिनांतल्या चार कुलपासाठी होत्या. तैवानमधल्या कारागिरांनी साहजिकच बिनकुलपाचं दार निवडलं. म्हणून नव्वदच्या दशकात आशियाभर आणि पूर्व युरोपात पसरलेले डबे ६० पिनांचे आहेत. आपण सोलापुरात जी कॅसेट वरून खटकन बसवायचो, तिचं मूळ क्योटोचं होतं. पुढे तैवानी कंपन्यांनी आख्खा फॅमिकॉम एकाच चिपवर उतरवला. डबा उघडला की हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसे, बाकी पेटी रिकामी. तो गोळाच सगळं यंत्र होतं. असं झाल्यावर किंमत कोसळायला वेळ लागत नाही. हजाराच्या घरातला डबा काही वर्षांत काहीशे रुपयांवर आला.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. रशियात स्टीपलर कंपनीनं १९९२ च्या शेवटी ‘डेंडी’ या नावानं हीच नक्कल आणली, तिच्यासाठी हत्तीचं बोधचित्र काढलं, टीव्हीवर कार्यक्रमही केला. एक पिढी गेम खेळायला ‘डेंडी’ म्हणू लागली. पोलंडमध्ये तिचं नाव ‘पेगासस’. म्हणजे निंटेंडोची खरी विक्री किती, या आकड्यात या सगळ्या घरांची गणतीच नाही. माझं म्हणणं असं की त्या पिढीचा विजेता कोण याचं उत्तर जिथं कर भरलेला माल पोचला तिथं एक आहे आणि उरलेल्या जगात दुसरं आहे, आणि उरलेलं जग लहान नव्हतं.

कॅसेटीवर ‘९९९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे. एवढे खेळ मोजायला जन्म पुरला नसता. यादी खाली सरकवत गेलं की लक्षात येई, खेळ थोडेच आहेत; मारिओ पहिल्या पातळीपासून, मारिओ तिसऱ्या पातळीपासून, मारिओ पाण्याखालून, असं करत आकडा फुगवला आहे. सुरुवातीच्या स्मृतीत एखादा आकडा बदलला की तोच खेळ वेगळ्या जागी उघडतो, एवढीच हातचलाखी. ‘कॉन्ट्रा’च्याही अशा आवृत्त्या असत, तीस जीव देणाऱ्या. मूळ खेळात ते तीस जीव मिळवायला रिमोटवर वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए अशी कळांची ओळ दाबावी लागे. कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’मध्ये ती पहिल्यांदा घातली, खेळ तपासताना आपल्यालाच जड जाऊ नये म्हणून. इंटरनेट नाही, इंग्रजी मासिकं नाहीत, तरी ही ओळ सोलापुरात कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या पोरांना सारखीच पाठ होती. ती इथवर कोणी आणली याचा शोध एखाद्या समाजशास्त्रज्ञानं घ्यायला हरकत नाही.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हाही जगभरचा विधी. खरं तर फुंकरीचा काही उपयोग होत नसे. कॅसेट काढून परत बसवली की पिना नव्यानं टेकत, खेळ सुरू होई आणि श्रेय फुंकरीला मिळे. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, म्हणून निंटेंडो फुंकू नका असंच सांगायची. पण मागांच्या खटखटाटात राहणाऱ्या, कपाटाच्या आतदेखील सुताचा भुसा सापडणाऱ्या घरांत फुंकर मारू नका हे कोणी ऐकलं असतं?

बदकं टिपायच्या खेळातल्या बंदुकीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण अजूनही तिच्यातून टीव्हीवर काहीतरी ‘जातं’ असा समज आढळतो. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. ती गोळी झाडत नाही, पाहते. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा असतो. चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. हे इतक्या झटपट होतं की आपल्याला फक्त एक लखलख दिसते. आधी काळोख आणि लगेच उजेड असा क्रम बंदुकीला दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक उमटतात, म्हणजे उजेड कोणत्या वेळी दिसला यावरून कोणतं बदक ते कळतं. आधी काळोख दाखवायचं कारण असं की नाहीतर कोणीही बंदूक दिव्याकडे धरून बदकं मारली असती. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. सपाट टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर काही प्रक्रिया करतो, त्यात थोडा उशीर होतो, आणि तेवढ्या उशिरानं बंदूक आंधळी होते.

आता सेगाकडे. अमेरिकेत नव्वदच्या दशकाची सुरुवात म्हणजे निंटेंडो विरुद्ध सेगा. मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये जपानमध्ये आला. आत मोटोरोलाचा ६८००० हा तगडा प्रोसेसर होता आणि १९९१ पासून निळा हेजहॉग ‘सॉनिक’ त्याची ओळख झाला. सेगाच्या जाहिराती निंटेंडोला नाव घेऊन हिणवत. भारतात हा मेगा ड्राइव्ह रीतसर आला. आणला तो शॉ वॉलेसनं, ज्यांचं नाव आपल्याकडे बहुतेकांनी मद्याच्या बाटलीवर वाचलं असेल. १९९५ मध्ये सेगानं त्यांच्याशी वितरणाचा करार केला, कारण अशा यंत्रांवर तेव्हा ८० टक्के आयात शुल्क होतं आणि त्यातून वाट काढायची होती. एवढं करूनही किंमत ठरली १८,००० रुपये. तेव्हा सोनं तोळ्याला पाच हजारांच्या आत होतं. तीन तोळ्यांहून जास्त सोन्याचा खेळ पोराला घेऊन देणारा बाप सोलापुरात निघाला असेल तर तो विजापूर रोडच्या एखाद्या बंगल्यात राहत असेल. आमच्या ओळखीत नव्हता.

ब्राझीलमध्येही आयातीवर असाच जाचक कर होता. तिथं सेगानं वेगळी वाट धरली. टेकटॉय या स्थानिक कंपनीनं यंत्रं देशातच बनवली, खेळांचं पोर्तुगीज भाषांतर केलं, आणि एका जपानी खेळातला नायक काढून तिथं मोनिका ही ब्राझीलच्या मुलांची लाडकी चित्रकथेतली पोरगी बसवली. जगात निंटेंडोपुढे हरलेलं सेगाचं मास्टर सिस्टिम हे यंत्र ब्राझीलमध्ये जिंकलं आणि पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. आपल्याकडे कोणी फास्टर फेणेला सायकलवर बसवून असा खेळ काढला असता तर? हा प्रश्न उगाच नाही. आयात कर दोन्हीकडे होता. फरक पडला तो स्थानिक कारखान्याचा आणि भाषेचा.

सोनी या धंद्यात आली ती अपमान होऊन. निंटेंडोच्या पुढच्या यंत्राला सीडी जोडण्याचं काम सोनी करत होती. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोनं आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचं सांगून टाकलं. सोनीतले केन कुतारागी इरेला पेटले. ३ डिसेंबर १९९४ ला प्लेस्टेशन बाजारात आलं. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई३ प्रदर्शनात सेगानं आपलं सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केलं. त्यानंतर सोनीचा माणूस मंचावर गेला, ‘२९९’ एवढा आकडा बोलला आणि खाली उतरला. सॅटर्न तिथंच मेलं म्हणतात, ते फारसं चूक नाही. निंटेंडो मात्र कॅसेट सोडायला तयार नव्हती. १९९६ च्या निंटेंडो ६४ मध्येही कॅसेटच होती. ती जलद होती, पण महाग होती आणि सीडीच्या मानानं तिच्यात मावायचं फारच थोडं. ‘फायनल फँटसी’ मालिका याच कारणानं निंटेंडो सोडून सोनीकडे गेली.

सीडीचा दुसरा गुण कंपन्यांच्या जाहिरातीत नव्हता. ती कॉपी करता येत होती. इथं कन्सोलच्या धंद्याचं गणित सांगावं लागेल. यंत्र बऱ्याचदा तोट्यात किंवा जेमतेम नफ्यात विकायचं आणि प्रत्येक खेळामागे परवान्याचे पैसे घेऊन वर्षानुवर्षं कमवायचं, असा हा व्यवहार असतो. भारतात तो उलटा झाला. प्लेस्टेशन २ आपल्याकडे आलं तेव्हा मूळ डीव्हीडी हजार-दोन हजारांना होती आणि कॉपी शंभराच्या आत. ‘चिप टाकलेला’, म्हणजे कॉपी चालवणारा, संच मागायला कोणी लाजत नसे. सोनीला यातून काय मिळालं माहीत नाही, पण यंत्र मात्र गल्लीबोळांत पोचलं. ४ मार्च २००० ला जपानमध्ये सुरू झालेलं हे यंत्र २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत होतं. त्याच्यात डीव्हीडी चित्रपट लागायचे, हे घरातल्या मोठ्यांना पटवायला पुरे होतं. सेगाचं ड्रीमकास्ट त्याआधी १९९८ मध्ये आलं होतं, इंटरनेटची जोडणी अंगभूत घेऊन, आणि काही बाबतींत काळाच्या पुढे. पण २००१ मध्ये सेगानं यंत्र बनवणंच सोडलं. सोलापुरात ड्रीमकास्टचं नावही कोणी ऐकलं नाही. आमच्याकडे हरायलासुद्धा ते आलं नाही.

प्लेस्टेशन २ इथं रुजलं ते तासावर. घरी घेणं परवडत नसलेल्यांसाठी गाळ्यात दोन-तीन टीव्ही, तितकेच संच, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वहीत वेळ लिहिणारा एक मुलगा, एवढ्यावर पार्लर उभं राहायचं. दोघांत तास वाटून घ्यायचा. ‘टेकन’ आणि कुस्तीचे खेळ जास्त चालत, कारण त्यांत दोघं एकाच वेळी खेळू शकत आणि पैसे निम्मे होत. ‘गॉड ऑफ वॉर’ उत्तम खेळ, पण एकट्याचा. तो भाड्यानं खेळायला परवडत नाही. ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये मोहीम कोणी पूर्ण करत नसे, नुसती गाडी पळवायची. कोणता खेळ गाजला हे इथं समीक्षकांनी ठरवलं नाही, पार्लरच्या तासानं ठरवलं.

आणि विजेनं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्यातल्या मुंबईबाहेरच्या गावांनी रोज कित्येक तास अंधारात काढले. जुन्या डब्यावर लाइट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पातळीवर, कारण त्या खेळात प्रगती साठवायची सोयच नव्हती. प्लेस्टेशन २ ला ८ मेगाबाइटचं मेमरी कार्ड लागायचं. खरेदी करताना ते पोरं आधी मागत, दुसरा रिमोट नंतर. पार्लरवाल्याकडे इन्व्हर्टर आहे की नाही यावर त्याची गिऱ्हाइकी ठरे. यंत्रांची तुलना करणाऱ्या परदेशी लेखांत प्रोसेसरचा वेग असतो, चित्राची सफाई असते. लाइट गेल्यावर काय होतं हा रकाना मी कुठंच पाहिला नाही.

क्रिकेटची गोष्टही अशीच. फॅमिकॉमच्या पिढीत क्रिकेटचा एक खेळ होता, मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरनं १९९२ मध्ये केलेला. तो ऑस्ट्रेलियापुरता राहिला. इकडे बेसबॉलची बॅट फिरवून आम्ही सचिन होत होतो. शेवटी ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’ आला, प्लेस्टेशन २ आणि संगणकावर, आणि त्यानंतर ईएनं क्रिकेट सोडलं ते सोडलंच. पुढची यंत्रं आली तरी भारतातली पोरं त्या एकाच खेळात दर वर्षी नवे संघ, नव्या जर्सी, पुढे आयपीएलसुद्धा हातानं भरत राहिली.

मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलं, अक्षयकुमार आणि युवराजसिंगला घेऊन. युवराजच्या नावाचा क्रिकेटचा खेळही निघाला. सोनीचं प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आलं. जगात ही चुरशीची लढत होती. यंत्र तापून लाल वर्तुळ दाखवत बंद पडण्याच्या दोषापायी मायक्रोसॉफ्टला शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली, आणि निंटेंडोनं हात हलवून खेळायचं वी काढून या दोघांनाही विक्रीत मागं टाकलं. आपल्याकडे या लढाईचे पडसाद पुण्या-मुंबईच्या मॉलपर्यंत. इथं त्या वर्षांत जुनं प्लेस्टेशन २ च खपत होतं, आणि सोनीनंही ते ओळखलं. २००९ मध्ये तिनं त्याच यंत्रासाठी हैदराबादेत बनलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणला, पाठोपाठ विटीदांडू, कबड्डी आणि पतंगांचा ‘देसी अड्डा’. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइननं गल्ली क्रिकेटचा खेळ केला. खेळ म्हणून ते सामान्य होते, हे कबूल केलं पाहिजे. पण ब्राझीलमध्ये टेकटॉयनं जे १९९१ मध्ये केलं ते आपल्याकडे व्हायला २००९ उजाडलं, आणि तोवर यंत्रच म्हातारं झालं होतं.

मराठी मुलखातून कन्सोलवर ठसा उमटवणारा खेळ आला तो पुण्याहून. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं प्राचीन भारतात घडणारा ‘राजी’ केला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न २०१७ मध्ये फसूनही तो नेटानं पूर्ण केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी आला निंटेंडो स्विचवर, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. स्विच भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्यात बनलेला खेळ पुण्यात खेळायचा तर यंत्र बाहेरून आणावं लागत होतं. त्या आधीच जिओचं स्वस्त इंटरनेट आणि पबजी आल्यानं सोलापुरातली पार्लरं ओस पडली होती. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं तेव्हा ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे त्याला त्याची नड उरली नव्हती.

दरम्यान निंटेंडोनं नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या जुन्या एनईएसचं छोटं रूप काढलं. तळहाताएवढी पेटी, आत तीस खेळ कायमचे भरलेले, कॅसेट घालायची गरज नाही. तैवानी डबेवाले हे कित्येक वर्षं करत आले होते. लोकांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या आणि काही महिन्यांत २३ लाख पेट्या संपल्या. मारिओ त्यात होता, तिन्ही भागांसह. बदकांचा खेळ नव्हता, कारण सपाट टीव्हीवर बंदूक चालत नाही. ‘कॉन्ट्रा’ही नव्हता, त्याचा दुसरा भाग तेवढा होता.